वर्दीचे बूट, दुखरे पाय : कुठे घ्याल, किती द्याल

सैन्यात, पोलिसांत, राज्य राखीव दलात, होमगार्डमध्ये किंवा सुरक्षा रक्षकाच्या नोकरीत असाल आणि पायाची काही तक्रार असेल, तर बुटाच्या दुकानात शिरण्याआधी एक क्रम पक्का करा. आधी माप, मग डॉक्टर, मग इनसोल, शेवटी बूट. बहुतेक जण उलट जातात. आधी बूट घेतात, तो चावतो म्हणून इनसोल घालतात, इनसोलमुळे बूट आणखी घट्ट होतो म्हणून दुसरा बूट घेतात आणि डॉक्टरांकडे जातात तेव्हा तीन-चार हजार रुपये गेलेले असतात.

सगळ्यांत महाग चूक एकच आहे : बूट रुंदीला कमी पडतो म्हणून एक नंबर मोठा घेणे. दुकानदारही हेच सुचवतो, कारण रुंद फरम्याचा बूट त्याच्याकडे नसतो. भारतात चालणाऱ्या ब्रिटिश नंबरात एक नंबर वाढला की लांबी सुमारे साडेआठ मिलिमीटर वाढते. रुंदी त्या मानाने फारच थोडी वाढते. म्हणजे चवडा आवळलेलाच राहतो आणि टाच मात्र सुटते. शिवाय पाय चवड्यापाशी वळतो, तर मोठा बूट त्याच्या पुढे वळतो. मग टाचेला फोड, उतारावर पाय पुढे सरकून नखं काळी आणि दहा किलोमीटरच्या चालीनंतर नडगीला ठणका. तुम्हाला लांब बूट नको आहे, रुंद हवा आहे. दुकानात हेच वाक्य बोला.

माप : घरी, संध्याकाळी, फुकट

संध्याकाळी पाचनंतर माप घ्या. दिवसभर उभं राहिल्यावर पाय थोडा सुजतो आणि बंदोबस्तावर तो तसाच असणार आहे. ड्यूटीवर जे मोजे घालता तेच घाला. भिंतीला टाच टेकवून कोऱ्या कागदावर उभे राहा. बसून नव्हे, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे राहा. पेन्सिल सरळ उभी धरून दुसऱ्या कोणाकडून पायाची बाह्यरेषा काढून घ्या. स्वतः वाकून काढलीत तर भार एका पायावर जातो आणि माप चुकतं. दोन्ही पायांची काढा.

आता तीन मापं मिलिमीटरमध्ये लिहा. टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंतची लांबी (लांब बोट अंगठाच असतो असं नाही, बऱ्याच जणांचं दुसरं बोट लांब असतं). चवड्याची सर्वांत जास्त रुंदी. आणि शिवणटेपने चवड्याभोवतीचा घेर. दोन पायांत फरक असेल तर मोठ्या पायाचं माप धरा. लहान पायात पातळ गादी घालून काम भागतं, मोठ्या पायातून काही काढता येत नाही. फरक एका पूर्ण नंबराहून जास्त असेल, तर तयार जोडीच्या नादी लागू नका. दोन नंबरांच्या दोन जोड्या घ्याव्या लागतील किंवा बूट बनवून घ्यावा लागेल, आणि दुसरा मार्ग बहुधा स्वस्त पडतो.

पाय ओला करून कोरड्या फरशीवर ठेवा. आख्ख्या तळव्याचा ठसा उमटला तर पाय सपाट, टाच आणि चवडा एवढाच उमटला तर कमान उंच. हे निदान नव्हे, पण दुकानात आणि दवाखान्यात काय विचारायचं ते यावरून कळतं. आणखी एक करा. चवड्यावर उभे राहा आणि आरशात बघा. तसं उभं राहिल्यावर कमान दिसत असेल आणि पाय दुखत नसेल, तर तुमचा सपाट पाय लवचिक आहे आणि साध्या इनसोलवर बहुधा भागेल. चवड्यावर उभं राहूनही कमान येत नसेल किंवा दुखत असेल, तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय बुटावर एक रुपयाही घालू नका.

भरतीची तयारी करत असाल तर

बूट आत्ता घेऊच नका. पोलीस भरतीतली १६०० मीटर धाव (मुलींना ८०० मीटर) किंवा सैन्यभरतीतली १.६ किलोमीटरची धाव वर्दीच्या बुटात होत नाही. निवड झाल्यावर प्रशिक्षण केंद्रात बूट मिळतात किंवा कोणते घ्यायचे ते सांगितलं जातं. तरीही कित्येक करिअर अकॅडम्या प्रवेशाच्या वेळी 'किट' सक्तीचं करतात आणि त्यात बूट असतात. फी भरण्याआधी किटची किंमत वेगळी लिहून मागा. बूट बाहेरून आणले तर चालतील का, हेही लेखी विचारा. सपाट किंवा रुंद पायाच्या मुलाला घाऊक भावाने आणलेल्या अरुंद बुटात रोज पहाटे पळवलं, तर भरतीच्या तोंडावर नडगीच्या हाडाला बारीक चीर पडून तो घरी बसतो. मैदानासाठी बरे रनिंग शूज घ्या, बुटाचे पैसे शिल्लक ठेवा.

'सपाट पाय बरा करून मेडिकल पास करून देतो' असं सांगून पैसे घेणारे गावोगाव आहेत. वैद्यकीय तपासणी अनवाणी होते. इनसोल घातल्याने कमान कायमची तयार होत नाही आणि कोणतंही तेल ती आणत नाही. लवचिक, न दुखणारा सपाट पाय सैन्यातही सरसकट नाकारला जात नाही. चवड्यावर कमान येते का, पाय मोकळा हलतो का, हे पाहिलं जातं. तपासणीत नाकारलं, तर कारण काय, पुनर्तपासणी कुठे आणि किती दिवसांत, हे तिथल्या तिथे लेखी मागा. दलालाला दिलेले पैसे कधीही परत येत नाहीत.

डॉक्टर : कुठे आणि किती

नोकरीत असलेल्या सैनिकाने पहिली पायरी चुकवू नये. युनिटचा एमआय रूम (वैद्यकीय तपासणी कक्ष), तिथला आरएमओ (युनिटचा डॉक्टर), मग लष्करी रुग्णालय. खर्च शून्य. खालची वैद्यकीय श्रेणी लागेल या भीतीने कित्येक जण दुखणं लपवतात आणि बाहेर पैसे खर्च करतात. ही भीती मला कळते, पण हिशेब उलटा आहे. वेळेवर दाखवलेल्या टाचदुखीला काही आठवडे हलकी ड्यूटी मिळते. लपवलेल्या दुखण्याचं फ्रॅक्चर झालं की श्रेणी हमखास घसरते. शिवाय नेमून दिलेल्या बुटाऐवजी वेगळा बूट किंवा इनसोल वापरायचा, तर मेडिकल चिटच कामाला येते. ती नसेल तर परेडवर तुमचा नऊशेचा बूट काय आणि नऊ हजारांचा काय, दोन्ही उतरवायला लावतील.

पोलीस आणि नागरिकांसाठी : राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या जिल्हा, उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर आणि उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची आणि महापालिकांची रुग्णालये यात येत नाहीत. तिथे थोडं शुल्क पडतं, पण अस्थिरोग विभाग मोठा असतो. सोबत आधार कार्ड, जुने एक्स-रे, ओळखपत्र आणि मुख्य म्हणजे आत्ता वापरत असलेले बूट न्या. बुटाचा तळ कुठे झिजलाय, हे पाहून डॉक्टरांना अर्धी गोष्ट कळते. सकाळी ओपीडीच्या वेळेत पोचलात तर एका दिवसात काम होतं.

खासगी अस्थिरोगतज्ज्ञ साधारण ५०० ते १,५०० रुपये घेतात. एक्स-रे लागला तर उभं राहून, पायावर भार देऊन काढायला सांगा. झोपून काढलेल्या एक्स-रेत सपाट पाय नीट दिसत नाही आणि दुसऱ्यांदा पैसे जातात. चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहून घ्या : निदान, कोणत्या प्रकारचा इनसोल, आणि बुटात काय हवं-नको (रुंद पंजा, लोखंडी टोप नको, टाचेला गादी). 'वाइड शूज' एवढ्याच दोन शब्दांच्या चिठ्ठीचा युनिटमध्येही उपयोग नाही आणि दुकानातही नाही.

बनवून घ्यायचं साहित्य स्वस्तात हवं असेल, तर मुंबईत हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे. केंद्र सरकारची आहे आणि तिथेच कृत्रिम अवयव व पायाच्या साधनांचा विभाग आहे. पुण्यात वानवडीला सैन्याचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून चालू आहे. सेवेतल्या आणि निवृत्त सैनिकांसाठी ते आहेच, नागरिकांनाही तिथे पैसे भरून सेवा मिळते. सैनिकाने जाताना लष्करी रुग्णालयाचं रेफरल न्यावं, नाहीतर हेलपाटा पडतो.

इनसोल : इथे सर्वाधिक लूट आहे

तयार जेलचा इनसोल २०० ते ५०० रुपयांना मिळतो. मऊ लागतो, दुकानात छान वाटतो आणि सपाट पायाला काहीही आधार देत नाही. महिनाभरात दबतो. कमानीला घट्ट आधार देणारा तयार इनसोल ५०० ते १,५०० रुपयांत येतो. लवचिक सपाट पाय आणि नेहमीची टाचदुखी यांसाठी तोच आधी सहा-आठ आठवडे वापरून पाहा. माझं मत स्पष्ट आहे : ज्याला हजार रुपयांच्या इनसोलने बरं वाटतं, त्याने पाच हजारांचा घेण्याची गरज नाही.

पायाच्या साच्यावरून बनवलेला इनसोल साधारण २,५०० ते ८,००० रुपयांना पडतो आणि सात ते पंधरा दिवस लागतात. ताठ सपाट पाय, दोन पायांच्या लांबीत फरक, मधुमेहामुळे बधिर तळवे किंवा तयार इनसोलने न थांबलेलं दुखणं, एवढ्यांसाठीच तो घ्या. बनवणारा माणूस भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदलेला आहे का, ते विचारा. कृत्रिम अवयव आणि ऑर्थोटिक्सच्या व्यावसायिकांना ही नोंदणी असते आणि तिचा क्रमांक मागायला लाजायचं कारण नाही.

'मोफत फूट स्कॅन' म्हणजे विक्रीचा सापळा, असं सरसकट म्हणत नाही, पण स्कॅन करणाऱ्याने प्रत्येकाला महागडाच इनसोल सांगितला तर उठून या. छुपे खर्च असे : स्कॅनचे वेगळे पैसे, दुरुस्तीच्या प्रत्येक फेरीचे पैसे, 'दोन जोड घेतले तर सवलत' म्हणून गळ्यात मारलेला दुसरा जोड. पैसे देण्याआधी विचारा, घासून जुळवून देण्याच्या किती फेऱ्या किमतीत आहेत? निदान एक महिन्याची दुरुस्ती किमतीतच असावी. ओपीडीतला हा खर्च बहुतेक आरोग्य विम्यांत बसत नाही, तेव्हा 'क्लेम करून घ्या' या आश्वासनावर विसंबू नका.

इनसोल आधी घ्या आणि तो घेऊनच बुटाच्या दुकानात जा. हे वाक्य अधोरेखित करा. आधाराचा इनसोल बुटातली जागा खातो. म्हणून मूळ इनसोल सहज निघणारा बूट हवा. मूळ इनसोल काढायचा, त्या जागी तुमचा घालायचा. एकावर एक दोन कधीही नाहीत. मूळ इनसोल चिकटवलेला असेल तर तो बूट तुमच्यासाठी नाही.

बूट : भाव आणि बाजार

रबराचा तळ साच्यात तापवून थेट जोडलेले साधे काळे चामडी बूट ९०० ते १,८०० रुपयांत मिळतात. जवान त्यांना डीव्हीएस किंवा डीएमएस म्हणतात. टिकाऊ असतात, पण जड आणि बहुधा एकाच रुंदीत येतात. चामडं आणि जाड कापड मिळून केलेले उंच टॅक्टिकल बूट १,५०० ते ३,५०० रुपयांना. परदेशी बनावटीचे ८,००० रुपयांपासून पुढे. त्यांत काही कंपन्या रुंदीचे वेगळे पर्याय देतात, पण परत पाठवण्याचा खर्च तुमच्यावर येऊ शकतो. पायाच्या मापाने बनवून घेतलेला बूट साधारण ३,५०० ते ८,००० रुपये आणि पंधरा दिवस ते महिना. हे भाव शहरागणिक बदलतात, पण याच्या दुप्पट कोणी सांगत असेल तर दुसऱ्या दुकानात जा.

कुठे? महाराष्ट्रात सात छावण्या आहेत : पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर आणि कामठी. छावणीजवळच्या बाजारांत लष्करी सामानाची दुकानं असतात. तिथल्या जुन्या दुकानदाराला कोणत्या युनिटला कोणता बूट चालतो हे ठाऊक असतं. पोलीस मुख्यालयांच्या आसपासही अशी दुकानं असतात. मुंबईत धारावी आणि चेंबूर-कुर्ल्याकडची ठक्कर बाप्पा कॉलनी ही चामड्याची आणि पादत्राणं बनवण्याची केंद्रं आहेत. मापाने बूट करणारा कारागीर शोधायचा तर तिथे फिरा. कारागिराला बाह्यरेषेचा कागद, इनसोल आणि डॉक्टरांची चिठ्ठी तिन्ही द्या. आगाऊ रक्कम निम्म्याहून जास्त देऊ नका आणि कच्च्या शिलाईवर एकदा पायात घालून बघण्याची अट आधीच घाला.

खरेदीआधी युनिटकडून किंवा कंपनीकडून बुटाचं वर्णन लेखी घ्या : रंग, उंची, पंजा साधा की टोपीचा, चेन चालेल का. रंग चुकला तर दुकानदार बदलून देईलच असं नाही.

दुकानात हे तपासा. बूट पायात घालून उभे राहा. लांब बोटापुढे अंगठ्याएवढी, म्हणजे एक ते दीड सेंटिमीटर जागा हवी. बोटं आत हलली पाहिजेत. चवड्याचा सर्वांत रुंद भाग बुटाच्या वळणावर यायला हवा. चालताना टाच किंचित उचलली तर चालेल, घसरून वर आली तर नाही. जिना उतरून बघा, बोटं पुढे आदळता कामा नयेत. 'वापरून सैल होईल' हे रुंदीबाबत थोडंफार खरं आहे, तेही अस्सल चामड्यापुरतं. लांबीबाबत ते साफ खोटं आहे. रेक्झिन, जाड नायलॉन आणि लोखंडी टोप कधीच सैल होत नाहीत.

लोखंडी टोपाचा मुद्दा रक्षकांसाठी फार महत्त्वाचा आहे. कारखान्यांसाठी बनवलेले सेफ्टी शूज 'आर्मी बूट' म्हणून खपवले जातात. अंगठ्याच्या बाजूला गाठ आली असेल, बोटं वाकडी असतील किंवा मधुमेह असेल, तर हा टोप रोज त्याच जागी घासतो आणि कोणताही मोची तो ताणू शकत नाही.

'ओरिजिनल आर्मी माल', 'कँटीनचा माल' असं सांगून विकणाऱ्यांपासून लांब राहा. सैन्याच्या कँटीनचा माल बाहेर विकायला बंदी आहे आणि सरकारी शिक्क्याच्या वस्तूला बिल मिळत नाही. बिल नाही म्हणजे बदलून मिळणं नाही, तक्रारही नाही. त्यापेक्षा आयएसआय खूण बघा. उंच टॅक्टिकल बुटांसाठी 'आयएस १७०१२' हे भारतीय मानक आहे. खुणेखालचा परवाना क्रमांक 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकलात की कंपनी खरी की खोटी ते कळतं.

बनवल्याचा महिना आणि वर्ष वाचल्याशिवाय बूट घेऊ नका. पॉलियुरेथेनचा तळ न वापरताही हवेतल्या दमटपणाने आतून कुजतो. तीन-चार वर्षं गोदामात पडलेला बूट 'पन्नास टक्के सूट' म्हणून घेतला की पहिल्याच पावसाळी बंदोबस्तात त्याचा तळ बिस्किटासारखा चुरा होऊन सुटतो. कोकण आणि मुंबईच्या दमट हवेत तर आणखी लवकर. माझ्या भाच्याने एका दुकानातून असाच जोड सवलतीत आणला होता. बिल नव्हतं. नाइलाजाने ते पैसे सोडून द्यावे लागले आणि नवा बूट आणेपर्यंत तो तीन दिवस ओल्या मोज्यांत उभा होता.

कोणत्या पायाला काय

अंगठ्याच्या बुडाशी गाठ : पंजा रुंद, त्या जागी शिवण नसलेलं, मऊ अस्सल चामडं. मोच्याकडून त्या एकाच जागी फरम्याने ताणून घ्या, ५० ते २०० रुपये, एक-दोन दिवस. लेस बांधताना गाठीजवळचं भोक सोडून द्या, लगेच फरक जाणवतो.

टाचदुखी, विशेषतः सकाळी उठल्यावर पहिल्या पावलाला कळ : टाचेची गादी १५० ते ४०० रुपये. दोन्ही बुटांत घाला, एकात नव्हे. पोटरी ताणण्याचा व्यायाम फुकट आहे आणि गादीपेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो. गादीने टाच वर उचलली जाते, म्हणून बुटाची मागची बाजू उंच आणि ताठ हवी.

उंच कमान : वरून लेस रुततात. मधल्या भोकांत लेस आडवी न घालता सरळ वर न्या. पायाच्या वरच्या भागाला जागा हवी, म्हणून कमी उंचीच्या पंजाचा बूट नको.

भोवरी आणि घट्टे म्हणजे बूट कुठे घासतोय याचा नकाशा. ब्लेडने कापू नका. भोवरीच्या पट्ट्यांत आम्ल असतं. मधुमेह असेल तर ती पट्टी लावूच नका, जखम कळणार नाही.

चिखल्या : हा बुटापेक्षा ओलीचा आजार आहे. दोन जोड बूट आलटून पालटून वापरा, प्रत्येक जोड २४ तास वाळू द्या. आत वर्तमानपत्राचे बोळे भरा, चुलीजवळ किंवा हीटरजवळ ठेवू नका, चामडं तडकतं. मोज्यांचे चार-पाच जोड ठेवा, एकेक १०० ते ४०० रुपये. औषध दुकानातून 'तिन्ही गुणांचं' मलम मागून आणू नका. त्यात बहुधा स्टेरॉइड असतं, खाज दोन दिवस थांबते आणि बुरशी पसरते. नुसत्या बुरशीवरचं मलम डॉक्टरांकडून लिहून घ्या.

मधुमेह : चाळिशीपुढच्या पोलिसांनी हे विशेष वाचावं. तळव्याची संवेदना कमी झाली की घट्ट बूटही 'बरा बसला' असं वाटतं. बूट घेण्याआधी दहा ग्रॅमच्या तंतूने पायाची संवेदना तपासून घ्या, सरकारी रुग्णालयात ही तपासणी मिनिटभरात होते. बूट मापावर आणि बाह्यरेषेच्या कागदावर घ्या, जाणिवेवर नव्हे. घालण्याआधी रोज बुटात हात फिरवा. खडा, खिळा, दुमडलेला इनसोल हाताला लागेल, पायाला कळणार नाही.

बिल, कर आणि भत्ता

२२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या पादत्राणांच्या जोडीवर ५ टक्के जीएसटी आहे, त्याहून महाग जोडीवर १८ टक्के. पण छापील किंमत सगळ्या करांसह असते. 'एमआरपी अधिक जीएसटी' सांगणारा फसवतोय. 'बिल हवं तर जास्त पडतील' म्हणणाऱ्याकडूनही घेऊ नका, बिल न देणं हीच ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर कंपनी, नंबर, रंग आणि 'नंबर बदलून मिळेल' एवढं हाताने का होईना लिहून घ्या. नंबर बदलून देणं दुकानदाराच्या मर्जीवर असू शकतं. सदोष माल परत घेणं तसं नाही. बिलावर मुदत नसेल तर तीस दिवसांत तो परत घ्यायलाच हवा, मग भिंतीवर 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' अशी पाटी का असेना.

केंद्रीय दलांतल्या जवानांनी ड्रेस भत्त्याचा हिशेब ठेवावा. सातव्या वेतन आयोगानंतर जुलै २०१७ पासून अधिकाऱ्यांखालच्या श्रेणींना तो वर्षाला १०,००० रुपये ठरला. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्यावर, म्हणजे जानेवारी २०२४ पासून, त्यात २५ टक्के वाढ झाली. पूर्वीचा वेगळा बूट भत्ता यातच धरलेला आहे. तेव्हा बुटासाठी वेगळे पैसे मागायला गेलात तर नकार येईल. पैसे जुलैमध्ये येतात, मोठी खरेदी त्यानुसार लावा.

एकूण किती? लवचिक सपाट पाय आणि रुंद चवडा असलेल्या शिपायाचा सरळ हिशेब : सरकारी ओपीडी शून्य, तयार आधाराचा इनसोल ९०० रुपये, टॅक्टिकल बूट २,२०० रुपये, मोजे ६०० रुपये, मोच्याकडे ताणणं १०० रुपये. ३,८०० रुपयांत काम होतं. बनवून घेतलेला इनसोल आणि मापाचा बूट दोन्ही लागले, तर सहा ते सोळा हजार धरा. वेळ मात्र दोन्हीकडे लागतोच. हजर होण्याच्या तारखेआधी दोन महिने सुरुवात करा.

नवा बूट थेट परेडला नेऊ नका. पहिला आठवडा घरात रोज तासभर, मग दोन किलोमीटर, मग पाच. तीन आठवडे द्या. पाण्यात भिजवून पायात वाळवणं, आत दारू ओतणं, हातोडीने टाच ठोकणं, हे सगळे 'जुने उपाय' चामडं कडक करतात आणि बूट बदलून मिळण्याचा हक्क घालवतात.

तक्रार अडली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे सुटली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, अर्ज ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन देता येतो आणि तुमच्या राहत्या जिल्ह्यात देता येतो. मुदत दोन वर्षं. दूर पोस्टिंगवर असाल तर घरी बिलाचा फोटो पाठवून ठेवा.

आणि बूट आणल्याच्या पहिल्याच संध्याकाळी, तळाला माती लागण्याआधी, इनसोल आणि मोज्यांसह तो घालून घरातल्या स्वच्छ फरशीवर तासभर उभे राहा. कुठेही टोचला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी बिल घेऊन दुकानात जा.